दोन दिवसांचं अंकोर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिंगापूरला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी एका जोडून आलेल्या सुट्टीत मी अंकोरला, कंबोडियातल्या जुन्या देवळांच्या नगरीत, जाऊन आलो. एका दिवसाचं तिकीट काढलं, यादी हातात घेतली आणि दिवस मावळायच्या आत नऊ देवळं उरकली. घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, "शरपंजरी पडलेला भीष्म पाहिलास का? तिथे कोरलाय म्हणतात." ज्या भिंतीवर भीष्म आहे त्या भिंतीशेजारून मी चालत गेलो होतो. मला तो दिसलाच नव्हता. हे बरेच दिवस मनाला लागून राहिलं. दोन वर्षांनी आईला घेऊन पुन्हा गेलो, दोन दिवसांत पाचच देवळं पाहिली, आणि अंकोर खऱ्या अर्थाने तेव्हा भेटलं. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावरून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिथे जगभरातून येणाऱ्या माणसांना भिंतीवरची गोष्ट गाइडकडून समजून घ्यावी लागते. समुद्रमंथन म्हणजे काय, वाली-सुग्रीव कोण, इथपासून. आपल्याला ती लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून वेळ देवळांची संख्या वाढवण्यात घालवू नका, भिंतीसमोर उभं राहण्यात घालवा.

कुठून निघणार, किती दिवस

अंकोरचा मुक्काम म्हणजे कंबोडियातलं सिएम रीप हे गाव. सिंगापूरहून थेट विमानाने सव्वादोन तासांच्या आसपास, बँकॉकहून तासभर, क्वालालंपूरहूनही थेट विमानं आहेत. या शहरांतल्या मराठी मंडळींना शुक्रवारी निघून रविवारी रात्री परत येणं सहज जमतं. मुंबई-पुण्याहून निघत असाल तर मध्ये विमान बदलण्यात दिवस जातो, तेव्हा निदान तीन रात्री हाताशी ठेवा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून जाणार असाल तर मधल्या विमानतळावर सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, आणि त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. त्या देशाचे नियम आधी बघा.

2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या आणि जमिनीवरचे नाके बंद झाले. बँकॉकहून बसने जायचे जुने सल्ले इंटरनेटवर अजून सापडतात, त्यांच्या भरवशावर निघू नका. विमानानेच जा, आणि तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा. हवा कोरडी, सकाळी थोडा गारवाही असतो. गर्दीही तेव्हाच. मार्च ते मे ऊन असं तापतं की आपला विदर्भ आठवावा. वडीलधाऱ्यांना घेऊन एप्रिलमध्ये मुळीच जाऊ नका. जून ते ऑक्टोबर पावसाचे महिने. पण पाऊस बहुधा दुपारनंतर कोसळतो, सकाळ मोकळी मिळते, खंदक तुडुंब भरलेले असतात आणि दगडांवर शेवाळ हिरवंगार असतं. एकटे किंवा जोडीने जाणाऱ्यांना मी ऑक्टोबरअखेर सुचवेन.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. पर्यटक व्हिसा एकदा प्रवेशाचा आणि 30 दिवस मुक्कामाचा असतो. अर्ज करताना वेबसाइटचा पत्ता नीट वाचा. सरकारी पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट केएच" असतं. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारी साइट पुष्कळदा एखाद्या एजंटची असते आणि ती जास्तीचे पैसे लावते. विमानतळावर उतरल्यावरही 30 डॉलर भरून व्हिसा मिळतो, पण दोन दिवसांच्या सहलीतला तास रांगेत का घालवायचा? याशिवाय कंबोडियाचं ई-अरायव्हल कार्ड उतरण्याआधीच्या सात दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. सिंगापूरला परतणाऱ्यांनी तिथलं अरायव्हल कार्डही लक्षात ठेवावं.

पैसे अमेरिकन डॉलरमध्ये न्या. तिथलं चलन रिएल. एका डॉलरला साधारण 4000 रिएल. हॉटेल, तिकीट, टुकटुक सगळीकडे डॉलर चालतात आणि डॉलरखालची मोड रिएलमध्ये परत मिळते. नोटा मात्र कोऱ्या हव्यात. कडेला जराशी फाटलेली किंवा शाई लागलेली नोट कोणी घेत नाही. आईने जुन्या पाकिटात जपून ठेवलेली घडी पडून चिरलेली 20 डॉलरची नोट आम्ही जशी नेली तशीच परत आणली.

विमानतळ आणि तिकीट

सिएम रीपचा जुना विमानतळ गावाला अगदी लागून होता. ऑक्टोबर 2023 मध्ये तो बंद झाला आणि नवा विमानतळ सुरू झाला. नवा गावापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे, पोचायला पाऊण ते एक तास लागतो. जुन्या लेखांत "विमानतळावरून दहा मिनिटांत हॉटेल" असं वाचाल, ते आता खरं नाही. हॉटेलला आधी कळवून गाडी मागवा, निदान येतानाची तरी. रात्री उतरणार असाल तर हे कराच.

देवळांसाठी एकच पास लागतो. एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस चालतो, सलग दिवस लागत नाहीत. हिशेब सरळ आहे: दोन दिवस जायचं तर एकेरी दोन पास 74 डॉलरचे पडतात, म्हणजे तीन दिवसांचाच घ्या. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, मात्र वय दाखवायला त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवा.

पासवर तुमचा फोटो छापलेला असतो आणि जवळजवळ प्रत्येक देवळाच्या दारात तो तपासतात. हरवला तर नवा विकत घ्यावा लागतो. तिकीट खिडकी गावाबाहेर एका मोठ्या इमारतीत आहे, देवळाच्या दारात नाही. पहाटे 5 ला उघडते, संध्याकाळी 5:30 ला बंद होते. संध्याकाळी 5 नंतर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्त बघायलाही चालतो. शुक्रवारी दुपारी लवकर उतरलात तर हा मोका साधा. उशिरा पोचणार असाल तर पास ऑनलाइन काढून ठेवा, म्हणजे शनिवारी पहाटेची रांग वाचते.

फिरायला टुकटुक. तिथला टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेली छत असलेली ऐसपैस गाडी. चौघं बसतात, वारा लागतो, सामान पायाशी राहतं. जवळच्या देवळांचा दिवस साधारण 15 ते 25 डॉलरमध्ये ठरतो, बांते स्रायसारख्या लांबच्या ठिकाणी त्याहून जास्त. भाडं, ठिकाणं, निघायची वेळ निघण्याआधी बोलून घ्या. पटला तर दोन्ही दिवस तोच चालक ठेवा. तो दिवसभर तुमच्यासाठी थांबतो, थंड पाण्याच्या बाटल्या देतो आणि कुठल्या दाराशी गर्दी कमी आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

कपडे, पाणी, जेवण

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. अंकोरवाट या मुख्य देवळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर याशिवाय सोडतच नाहीत, आणि नुसती ओढणी खांद्यावर टाकलेली पुष्कळदा चालत नाही. सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. डासांपासूनही बचाव होतो. बुटांचा तळ घट्ट पकड घेणारा हवा, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. पहाटेसाठी छोटी टॉर्च. माणशी दोन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पाकिटं.

शाकाहारींनी एक ध्यानात ठेवावं. ख्मेर म्हणजे कंबोडियातल्या स्वयंपाकात माशाचं पाणी म्हणजे फिश सॉस आणि आंबवलेल्या माशांचं "प्राहोक" बहुतेक भाज्यांत असतं. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "मासा नको, फिश सॉसही नको" असं सांगा, आणि हे वाक्य हॉटेलवाल्याकडून ख्मेर लिपीत कागदावर लिहून घ्या. आईला हा कागद फार उपयोगी पडला. गावात भारतीय जेवणाची ठिकाणं बरीच आहेत, उपाशी कोणी राहत नाही. तरी पहाटे निघायचं असतं तेव्हा पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली की बरं वाटतं. मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात वाफवलेला अमोक चुकवू नये. नारळाच्या दुधातला तो मासा कोकणी-गोव्याच्या जिभेला परका वाटत नाही.

शनिवार पहाट: अंकोरवाट

साडेचारला निघा. अंकोरवाट पहाटे 5 ला उघडतं. गावापासून सहा किलोमीटर. काळोखात आधी खंदक लागतो, जवळजवळ 190 मीटर रुंद, आणि त्यावरून दगडी वाट आत जाते.

हे देऊळ राजा दुसरा सूर्यवर्मन याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं. आपल्या बहुतेक देवळांसारखं पूर्वेला नाही, पश्चिमेला तोंड करून. त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून उगवतो आणि पाच शिखरांची काळी आकृती समोर उभी राहते. आत शिरल्यावर डावीकडच्या तळ्याकाठी सगळे कॅमेरे घेऊन दाटीवाटीने उभे असतात, कारण तळ्यात शिखरांचं प्रतिबिंब पडतं. एकदा बघण्याजोगं आहे. पण सूर्य वर आला की पुष्कळशी गर्दी न्याहारीला परत फिरते, आणि नेमकं तेव्हा तुम्ही आत जायचं. पुढचे दोन तास सोन्यासारखे.

खंदक ओलांडल्यावर लागणाऱ्या पश्चिम गोपुरात एक मोठी अष्टभुजा विष्णूमूर्ती उभी आहे. तिथले लोक तिला "ता रीच" म्हणतात, अंगावर केशरी वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात, डोकं टेकवतात. देऊळ आज बौद्ध आहे आणि ही मूर्ती त्यांचीही आहे. आईने चपला बाजूला काढून हात जोडले, शेजारच्या ख्मेर आजींनी तिच्या हातात एक उदबत्ती दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. घाईत निघून जाऊ नका, इथे पाच मिनिटं थांबा.

आता भिंती. बाहेरच्या ओवरीच्या चारही बाजूंना सलग कोरीवकाम आहे, माणसाहून उंच, एकेक पट निदान 50 मीटरच्या आसपास लांब. आपल्याला देवळात सवयीने प्रदक्षिणा घालावीशी वाटते. इथे उलट जायचं. पश्चिमेच्या दारातून आत आलात की उजवीकडे वळा आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून चला. कथा त्याच क्रमाने लावल्यात. पश्चिमेला तोंड आणि ही उलटी दिशा, यावरून हे राजाचं स्मृतिमंदिरही असावं असं अनेक अभ्यासक मानतात.

उजवीकडे वळल्यावर पहिलाच पट कुरुक्षेत्राचा. तुमच्या जवळच्या टोकाकडून कौरव येतात, समोरून पांडव, आणि मधोमध नुसता कल्लोळ. भीष्म कौरवांच्या बाजूला थोडं पुढे गेल्यावर वरच्या भागात आहे. अंगभर बाण, आडवा पडलेला, भोवती बसलेली माणसं. मी पहिल्या खेपेला डोळ्यांच्या रेषेत बघत चाललो होतो म्हणून हुकला. मान वर करून बघा. पुढे चार हातांचा सारथी दिसेल, तो कृष्ण. रथात अर्जुन.

कोपरा वळलात की सूर्यवर्मनची मिरवणूक, छत्र्या, हत्ती. त्याच्यापुढे स्वर्ग-नरकाचा पट: रेड्यावर बसलेला यम, शेजारी न्याय करणारा चित्रगुप्त, आणि खाली नरकांच्या यातना नावांसकट. नावं संस्कृतातली आहेत.

पुन्हा कोपरा वळा. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन. इथे बसायचंच. 49 मीटर लांब एकच वासुकी, डावीकडून 92 असुर ओढतायत, उजवीकडून 88 देव. मध्ये कूर्माच्या पाठीवर मंदार पर्वत आणि त्याला धरून विष्णू. वर हवेत अप्सरा. लांबून सगळ्या आकृत्या सारख्या वाटतात, म्हणून जवळ जा आणि खालच्या पाण्याकडे बघा. टोकांकडे मासे, मगरी निवांत पोहतायत. मंदारच्या जसजसे जवळ याल तसतशी त्यांची धावपळ वाढते, आणि अगदी रवीपाशी त्यांची शरीरं घुसळणीने तुटून दोन-दोन तुकड्यांत कोरली आहेत. कोरणाऱ्याने घरात ताक होताना नीट पाहिलं असणार, असं आई म्हणाली. देवांच्या बाजूला शेपटीच्या टोकाला एक वानर शेपूट धरून उभा आहे, तोही शोधा. भिंतीचे काही भाग काळे, चकचकीत दिसतात, ते शेकडो वर्षं हात फिरल्यामुळे असं सांगतात. तुम्ही हात लावू नका.

इथून पुढच्या ओवरीतलं काम चार शतकांनंतरचं, सोळाव्या शतकातलं आहे आणि त्यात ती सफाई नाही. वेळ कमी असेल तर ते सोडून आत वर चढा, आणि बाहेर पडताना पश्चिमेच्या दाराच्या दुसऱ्या बाजूचं लंकेचं युद्ध बघा. हनुमानाच्या खांद्यावर उभा राम आणि वीस हातांचा रावण तिथे आहेत.

सगळ्यात वरचा मजला, बाकान, तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत. वर लाकडी जिना बसवलाय, तरी कठडा धरूनच चढा. एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात, म्हणून सकाळी लवकर रांग लावा. बारा वर्षांखालच्या मुलांना वर नेत नाहीत. गुडघे दुखत असतील तर खालूनच नमस्कार करावा. आई खाली सावलीत बसली आणि तिचं काही चुकलं नाही, कारण जीव लावून बघण्यासारखं सगळं खालीच आहे. आणखी एक: बौद्ध उपोसथाच्या दिवशी बाकान बंद असतो. हे दिवस दोन्ही पक्षांतल्या अष्टमी, पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास येतात. घरातलं कॅलेंडर बघूनच शनिवार निवडा. तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा हॉटेललाही विचारा.

माकडांना खायला देऊ नका, पिशवीतलं खाणं दिसू देऊ नका. ती अंगावर येतात, चावतात.

शनिवारी पुढे: बायॉन, दुपार, ता प्रोम

अंकोरवाटहून उत्तरेला दीडेक किलोमीटरवर अंकोर थॉम, म्हणजे मोठं नगर. "अंकोर" हा शब्द संस्कृत "नगर"वरूनच आलाय. सातव्या जयवर्मनने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेली ही राजधानी, चारही बाजूंना तीन-तीन किलोमीटरचा तट. दक्षिण दरवाज्याच्या पुलावर टुकटुक थांबवा: एका हाताला देव, दुसऱ्या हाताला असुर, दोघांच्या मिठीत नाग. मघा भिंतीवर पाहिलेलं मंथन इथे पूर्ण आकारात रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं आहे आणि तुम्ही त्यामधून आत शिरता.

नगराच्या मधोमध बायॉन, शांत हसणाऱ्या प्रचंड चेहऱ्यांचं देऊळ. फोटो चेहऱ्यांचे निघतात, पण मला जास्त आवडते ती खालची बाहेरची ओवरी, कारण तिथे देव नाहीत, माणसं आहेत. बाजारात मासे विकणाऱ्या बाया, कोंबड्यांची झुंज, रांधणारे आचारी, शेजारच्या चंपा राज्यातल्या चाम लोकांशी तळ्यावरची लढाई. मोर्चात चाललेल्या एका सैनिकाला मागून कासव चावलंय आणि तो दचकून वळलाय, एवढंसं शिल्प आहे. चालकाला किंवा गाइडला विचारलंत की दाखवतात. वरच्या मजल्याचा काही भाग डागडुजीसाठी बंद असू शकतो, खालची ओवरी मात्र सोडू नका.

साडेअकरा-बाराला हॉटेलवर परत. जेवा, झोपा. पहिल्या खेपेला मी दुपारी एकला उन्हात हिंडत होतो आणि दगडांव्यतिरिक्त काही आठवत नाही. तीनला पुन्हा निघा.

ता प्रोम 1186 चं, सातव्या जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ बांधलेलं. "ता" म्हणजे आजोबा, "प्रोम" म्हणजे ब्रह्मा. मूळ नाव राजविहार. इथल्या शिलालेखात राज्यभरातल्या 102 आरोग्यशाळांची नोंद आहे. आता भिंतींवर झाडं बसली आहेत. मुळं दगडांतून अशी उतरलीत की झाडाने भिंत पाडली की भिंत झाडानेच तोलून धरलीय, हे कळेनासं होतं. मुळं सोडवली तर भिंत कोसळेल आणि सोडवली नाहीत तरी एक दिवस कोसळेल, अशा पेचात इथलं जतनकार्य चालतं. ते काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कंबोडियाबरोबर केलंय. याच खात्याने 1986 ते 1993 अंकोरवाटलाही काम केलं, जेव्हा त्या देशात शांतता नव्हती. टेकू, क्रमांक टाकलेले दगड, आणि भारताचं नाव असलेली पाटी बघून आई बराच वेळ तिथेच उभी होती.

दगडांकडे बघताना एक खूण पटेल. वरची नक्षी वालुकाश्मातली, पण तट आणि जोती लालसर, छिद्राछिद्रांच्या दगडाची आहेत. तो जांभाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घराचा चिरा असतो तोच. आणि चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला, जसा आपल्या हेमाडपंती देवळांत.

सूर्यास्ताला सगळे नोम बाखेंगच्या टेकडीवर धावतात. वर एका वेळी 300 माणसांनाच सोडतात, त्यासाठी तासभर आधी रांग लावावी लागते. माझं मत विचाराल तर ता प्रोम संपवून जवळच्या स्रा स्रांग तलावाच्या पायऱ्यांवर बसा. शहाळं प्या. गाव सहा-साडेसहाला गाठता येतं.

रविवार: बांते स्राय आणि प्रे रूप

साडेसहाला निघा. बांते स्राय गावापासून 35 किलोमीटरच्या पुढे आहे, टुकटुकने तास-सव्वातास. रस्ता भातखाचरांतून, ताडाच्या झाडांमधून जातो. कडेला बाया ताडगूळ कढवत बसलेल्या असतात, थोडा घ्या. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळीच जायचं. कोवळ्या उन्हात त्याचा गुलाबी दगड पेटल्यासारखा दिसतो.

हे राजाने बांधलेलं नाही. राजदरबारातल्या यज्ञवराह नावाच्या ब्राह्मणाने बांधलं, 967 मध्ये प्रतिष्ठा झाली, शिवाचं देऊळ. सगळं लहान, दारं इतकी ठेंगणी की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये, आणि नक्षी चंदनाच्या पेटीवर असावी इतकी नाजूक. गाभाऱ्याच्या चौथऱ्यापाशी दोर लावलाय, त्याच्या बाहेरूनच बघायचं. दुर्बीण असेल तर न्या.

दक्षिणेकडच्या ग्रंथशाळेच्या पूर्व त्रिकोणात रावण कैलास हलवतोय. वेरूळच्या कैलास लेण्यात हाच प्रसंग पाहिलेल्या माणसाला इथे हलायला नको वाटतं. वेरूळचा रावण भिंतीतून बाहेर उसळतो, अंधारातून जोर लावतो. इथला कैलास पायऱ्यापायऱ्यांचा आहे, प्रत्येक पायरीवर ऋषी, गण, प्राण्यांची तोंडं असलेले सेवक घाबरून एकमेकांकडे बघतायत, आणि वर पार्वती शिवाला बिलगली आहे. त्याच इमारतीच्या पश्चिमेला मदनदहन. उत्तरेकडच्या ग्रंथशाळेवर पूर्वेला खांडववन: वर ऐरावतावर इंद्र, खाली पडणारा पाऊस तिरप्या रेषांनी कोरलाय, रानातली जनावरं सैरावैरा. पश्चिमेला कंसवध. अर्ध्या तासात हे देऊळ "बघून होतं". आम्ही दोन तास होतो.

परतीच्या वाटेवर प्रे रूप लागतं, 961 चं, राजेंद्रवर्मनचं. विटा आणि जांभ्याचा डोंगरासारखा चढता चौथरा. वर चढून चहूकडे नुसतं हिरवं रान दिसतं. वीस मिनिटं पुरतात.

मुख्य देवळांच्या भोवतालचा भाग सुरुंगमुक्त केलेला आहे, तरी लांबच्या ठिकाणी मळलेली वाट सोडून झाडीत शिरू नका. आणि देवळांच्या दारात पोस्टकार्डं, बांगड्या विकणारी लहान मुलं भेटतील. काळीज हलतं, पण त्यांच्याकडून विकत घेऊ नका, पैसेही देऊ नका. विक्री झाली की घरचे मुलाला शाळेऐवजी दारातच पाठवतात. द्यायचंच असेल तर मोठ्या माणसांच्या टपरीवरून घ्या. चालकाशी बोलताना त्याच्या घरच्यांची चौकशी जपून करा. 1975 ते 1979 या काळात, ख्मेर रूजच्या जुलमी राजवटीत, तिथल्या जवळजवळ प्रत्येक घराने कोणाला तरी गमावलंय. तो आपणहून बोलला तर ऐका. निरोप घेताना हात जोडून "ऑकुन" म्हणा, म्हणजे आभारी आहे.

संध्याकाळचं विमान असेल तर उड्डाणाच्या साडेतीन तास आधी हॉटेल सोडा. रस्त्यातला तास त्यातच जातो.

सोमवारी रजा मिळाली तर पासचा तिसरा दिवस अजून हातात आहे. बांते स्रायच्याही पुढे क्बाल स्पेआन म्हणून जागा आहे, तिथे याच पासवर जाता येतं. दीड किलोमीटर रानातून चढ, वाटेत दगड-मुळं, तेव्हा सकाळीच निघा; दुपारनंतर वर सोडत नाहीत. वर ओढ्याच्या पात्रातच शेकडो लिंगं कोरली आहेत, ओळीने, आणि त्यांच्यामध्ये खडकावर शेषशायी विष्णू. पावसानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गेलात तर सगळ्यावरून हातभर पाणी वाहत असतं. हेच पाणी पुढे खाली उतरून अंकोरच्या दिशेने जातं. काठावरच्या खडकावर बसा, पाणी संथ होऊ द्या, मग विष्णूचा चेहरा दिसतो.